सासऱ्यांच्या सायकलचा क्रोम

गेल्या वर्षी माझे सासरे त्यांच्या गावी, वटारला, घराजवळच्याच वळणावर सायकलवरून पडले आणि त्यांचं डावं मनगट मोडलं. वय अठ्ठ्याहत्तर, प्लास्टर सहा आठवड्यांचं. मी त्या वळणावर उभं राहून दहा मिनिटांत किती स्कूटर जातात ते मोजलं. एकोणचाळीस गेल्या. हा आकडा मेव्हण्याला सांगितला, त्याला पटला, आणि प्लास्टर निघायच्या आत आम्ही दोघांनी सायकल विकून टाकली. सासऱ्यांना विचारलं नाही.

तेव्हापासून ते माझ्याशी तीनच शब्द बोलत. या, बसा, जेवा. जावयाचा मान तसूभर कमी केला नाही; तळलेल्या मासळीचा पहिला तुकडा माझ्याच ताटात पडे. पण चौथा शब्द नाही. घरच्यांशी ते आपल्या बोलीत गप्पा मारत आणि माझ्याकडे वळले की शाळेतल्या मराठीत म्हणत, "जेवा."

मला लहान मूर्ती रंगवायचा छंद आहे. विरारच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यासाठी एक टेबल आहे. मी ठरवलं, सासऱ्यांचीच मूर्ती करायची, सायकल हातात धरून चाललेली, मागे केळीचे दोन घड. ते पाच फूट चार इंच, म्हणजे एकास सोळा या मापाने बरोबर चार इंच. चाक पावणेदोन इंच.

"बाबा बघणारसुद्धा नाहीत," बायको म्हणाली.

"नाही बघितलं तर नाही."

"मग तीन महिने कशाला घालवतोयस?"

याचं उत्तर तिला माहीत होतं, म्हणून मी दिलं नाही.

मूर्ती सोपी गेली. अडलं ते चकाकणाऱ्या भागांवर: मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा, हँडल, घंटी आणि चाकांच्या रिंगा. सासऱ्यांच्या सायकलच्या रिंगांत तोंड दिसायचं, त्यामुळे नुसता चंदेरी रंग चालणार नव्हता, क्रोमच हवा होता. क्रोमच्या खाली चकचकीत काळा रंग द्यावा लागतो आणि तो चोवीस तास सुकू द्यावा लागतो. त्यावर क्रोमचा हात इतका पातळ फिरवायचा की लागला की नाही अशी शंका यावी. रिंगांना मी एअरब्रशने फवारा दिला, घड्याळाचा पट्टा सगळ्यात बारीक कुंचल्याने केला. पहिल्या खेपेला रिंग अशी लखलखली की मी बायकोला स्वयंपाकघरातून बोलावून दाखवली. मग टिकाऊ व्हावी म्हणून मी वरून वार्निश मारलं.

"आता कशी दिसते?" मी विचारलं.

"ॲल्युमिनियमच्या टोपासारखी."

सगळं खरवडून पुन्हा काळ्यापासून सुरुवात केली. या वेळी वार्निश नाही. वार्निशशिवायचा क्रोम बोट लागलं तरी निघतो, हे मी बायकोला दोनदा सांगितलं. वटारला नेताना खोका तिने मांडीवर धरला आणि मी स्कूटर वीसच्या वर नेली नाही.

ओट्यावर सासरे बसले होते. "या. बसा." मी मूर्ती त्यांच्यासमोर स्टुलावर ठेवली. त्यांनी चष्मा लावला. मूर्तीच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं, मग आपल्या मनगटावरचं. मग त्यांनी सायकल उचलली, खांद्यावरच्या पंच्याचं टोक घेतलं आणि, सायकल हातात आली की आयुष्यभर जे करत आले तेच केलं. दोन्ही रिंगा नीट गोल पुसून काढल्या. मी "बाबा" म्हणेपर्यंत क्रोम पंच्यावर आला होता आणि रिंगा काळ्या झाल्या होत्या.

ते पंच्याकडे बघत राहिले. "गेलं," ते म्हणाले.

"परत लावता येतं. माझीच चूक, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

"हो." त्यांनी चाक नखाने हळूहळू फिरवलं. "स्पोक किती टाकलेत?"

"छत्तीस आणि छत्तीस. बहात्तर."

"पुढे बत्तीस असतात. मागे चाळीस. ओझं मागे असतं ना. केळी काय हँडलवर बसवता तुम्ही?"

बेरीज माझी बरोबर होती, वाटणी चुकली होती. तसं मी म्हणालोही.

"विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"सायकल विकतानाही विचारायला हवं होतं, बाबा."

त्यांनी पंच्याची घडी घातली, चंदेरी बाजू आत ठेवून. "मी स्कूटरमुळे पडलो नाही. कुत्रा आडवा आला. तुमच्या त्या एकोणचाळिसांत कुत्रा होता?"

"नव्हता."

आत सासूबाई हसल्या. बायको तोंड फिरवून अंगणातल्या अबोलीकडे बघू लागली.

मग ते सांगत गेले आणि मी खिशातल्या कागदावर लिहीत गेलो. घंटी उजवीकडे. घड दोरीने नाही, जुनी ट्यूब कापून तिच्या पट्ट्यांनी बांधलेले. डाव्या पेडलचं रबर झिजून नाहीसं झालेलं. अशा अकरा दुरुस्त्या निघाल्या. अकरावी लिहून होईपर्यंत सासूबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली होती.

"तो काळा रंग इथेच आणा," ते उठता उठता म्हणाले. "मला बघायचंय, काळ्यावर चमक येते कशी. सुकायला किती वेळ लागतो?"

"चोवीस तास."

"मग शनिवारीच या. रात्री राहा."