येते म्हणायचं

धारवाडच्या मळमड्डीत भाड्याच्या दोन खोल्यांत आम्ही भाकरीचं केंद्र काढलं, तेव्हा दारावरची पाटी मीच रंगवून घेतली. 'हाताने बडवलेली ज्वारीची भाकरी', मराठीत आणि कन्नडमध्येही. सुभाष रोडवरचे दुकानदार त्या 'हाताने' शब्दावरच माल उचलायचे. चार चुली, चार बायका आणि मी, हुबळीच्या किराणा दुकानदाराची लेक. हिला भाकरी बडवता येत नाही, विकता मात्र येते, असं बायका माझ्या तोंडावर म्हणायच्या.

चौघींतली थोरली अळणावरजवळच्या खेड्यातून रोज बसने यायची. तिला सगळे अक्का म्हणत. हे काम होतं म्हणून घरी सुनेपुढे तिची मान ताठ होती. तिचं उजवं मनगट सुजायला लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं, बडवणं बंद.

मी भाकरीचं छोटं मशीन आणलं. अक्काने बसून नुसते गोळे घालायचे. त्या भाकऱ्या चवडीच्या मधोमध घाला, कुणाला कळतंय, असं बाकीच्या तिघी म्हणाल्या. मी तव्यासारखी तापले. "मग पाटीवर 'हाताने' लिहिलंय ते काय शोभेला?"

मशीनच्या भाकऱ्यांची वेगळी टोपली ठेवू म्हटलं, तर त्याच तिघी घाबरल्या. मशीनची भाकरी उघड खपायला लागली, की आज अक्काची चूल गेली, उद्या आमच्याही विझवाल. त्यांचंही काही खोटं नव्हतं. एकीला सांभाळायला तिघींच्या पोटावर पाय कसा देऊ? मशीन कोपऱ्यात गोणपाटाखाली पडून राहिलं. खरेपणा माझा आणि घरी बसायची पाळी अक्काची, हे मला फार टोचत होतं. पण मार्ग सुचेना.

एका संध्याकाळी अक्काने आपली पीठ मळायची काटवट घासली, भिंतीशी उपडी घातली आणि दारात येऊन म्हणाली, "होग्तेन्री, बाई."

जाते! आमच्याकडे निघताना असं कुणी म्हणत नाही. मराठीत 'येते', कन्नडमध्ये 'बर्तेन्री'. पुन्हा यायचं नसेल तोच 'जाते' म्हणणार. तिघींचे हात पिठात थांबले.

मी अनवाणीच बस स्टॉपवर धावले.

"जाते काय म्हणता? आधी येते म्हणा!"

"कशाला येऊ? ह्या हातानं काय करू, बाई?"

"ते मी बघते. येते म्हणा."

कंडक्टर ओरडायला लागला. ती चढली, बस हलली आणि मग खिडकीतून तिचा आवाज आला, "बर्तेन्री!"

"या, या," म्हणत मी उभी राहिले. उद्या तिला द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

सकाळी मी तिघींपुढे हात जोडले. मशीन अक्काच्या चुलीपाशी बसेल, त्याची टोपली वेगळी, तसं पाटीवर लिहू; तुमच्या तीन चुलींना मी आहे तोवर कुणी हात लावणार नाही. एक जण पुटपुटली, "तुम्ही नसाल तेव्हा?" तिची नजर अक्काच्या उपड्या काटवटीवर गेली. मग तिनेच उठून मशीनवरचं गोणपाट काढलं.

अक्का आली. मशीनकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. तिने डाव्या हाताने आपली काटवट सुलटी केली आणि मशीनसाठी गोळे मागितले.