डूमवाली मोटरसायकल आणि खडेबाजारातला बोळ

नोकरीत हाताखालून गेलेल्या बहुतेक केसेस आता अर्धवटच आठवतात. गुन्हा आठवला तर आरोपीचा चेहरा आठवत नाही, आणि चेहरा आठवला तर कलम आठवत नाही. ही एक केस मात्र अजून जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. मी बेळगाव शहरातल्या एका ठाण्यात फौजदार होतो. ठाण्याचे कागद कानडीत आणि बाहेरच्या बाकावरचं बोलणं मराठीत, असा आमचा कारभार.

एका दुपारी खडेबाजारालगतच्या बोळात एका शिक्षिकेच्या गळ्यातली चेन मोटरसायकलवाल्याने ओढली. चेन जाडजूड होती. ती तुटण्याआधी बाईच ओढल्या गेल्या आणि दगडी पायरीवर डोकं आपटून बेशुद्ध झाल्या. डॉक्टर काही सांगायला तयार नव्हते. बाईंच्या विद्यार्थिनी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात बसून होत्या. बाई गेल्या असत्या तर चोरीची केस खुनाच्या वळणावर गेली असती.

साक्षीदार भरपूर होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द होता: "डूमवाली गाडी." चोराच्या तोंडाला रुमाल होता. त्याचा सदरा कोणी पांढरा सांगितला, कोणी निळा. डूमबद्दल मात्र दुमत नव्हतं.

अशी गाडी तेव्हा शहराला एकच माहीत होती. लष्कराच्या लिलावातून घेतलेली साडेतीनशे सीसीची जुनी मोटरसायकल. मालकाने तिला जुन्या विलायती शर्यतीच्या गाड्यांची ढब दिली होती: गोल टाकी, खाली उतरवलेलं हँडल, पुढे फायबरचा अर्धा डूम. डूममुळे हेडलाइट आणि स्वाराची छाती झाकली जायची, इंजिन उघडंच राहायचं. मागे दोन्ही बाजूंना कॅनव्हासच्या पिशव्या. कॅम्पातून ती गेली की माणसं वळून बघायची.

संध्याकाळी ठाण्यात फोन आला, तो मीच उचलला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "ती गाडी मच्छ्यात राहणाऱ्या एका पोराची हाय. आज सकाळपास्नं गाडी घरात न्हवती. बघा जाऊन," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

मी आणि हवालदार गेलो. पोरगा पंचविशीचा, तिथल्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन. वडील निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबलेले. घरात बुद्धाची लहान मूर्ती, पुस्तकांचं कपाट, आणि दारात ती गाडी, चिखलाने माखलेली. इंजिन अजून कोमट होतं.

"आज दुपारी कुठं होतास?"

"बाहेर गेलतो, साहेब."

"कुठं?"

"ते सांगणार न्हाय."

ठाण्यात आणल्यावरही तेच. मी चहा मागवला, घरच्यांची चौकशी केली, मग बेशुद्ध पडलेल्या बाईंबद्दल सांगितलं. ते ऐकून त्याचे डोळे भरून आले, पण तोंड उघडलं नाही. "चोरी म्या केली न्हाय. कुठं होतो ते इचारू नका," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. हवालदार बाहेर येऊन म्हणाला, "साहेब, वखारीतल्या हमालाच्या पोराकडं असली गाडी येती कुठनं? माझ्या ताब्यात द्या, बोलतोय का न्हाय बघतो." ठाण्यातल्या बऱ्याच जणांचं मत तेच होतं. मी हवालदाराला त्याच्या जागेवर बसायला सांगितलं.

माझ्या मनात दुसरीच गोष्ट खटकत होती. साक्षीदारांच्या म्हणण्याप्रमाणे चोर बाजाराकडून बोळात शिरला. पुढे हातगाडी आडवी होती. चेन ओढून तो जागच्या जागी गर्रकन वळला आणि आला त्याच वाटेने पसार झाला. एवढ्या अरुंद बोळात एवढी अवजड गाडी वळली कशी?

दुसऱ्या दिवशी मुद्देमाल म्हणून गाडी मच्छ्याहून आणायची होती. ती मी स्वतः चालवत आणली. खात्याच्या मोटरसायकली बऱ्याच चालवल्या होत्या, ही वेगळीच निघाली. मोकळ्या रस्त्यावर लागली तशी ती एका संथ लयीत धावू लागली. समोरचा वारा डूमवरून कपाळाला लागत होता, छातीवर त्याचा दाब नव्हता. खड्ड्यातून गेली तरी वाट सोडत नव्हती. अशा गाडीवर माणूस न थकता गोव्यापर्यंत जाऊन येईल. पण शहरात शिरलो आणि तीच गाडी रेड्यासारखी अडू लागली. हळू वेगात पुढचा भार जाणवायचा. हँडल वळवावं तर पुरतं वळण्याआधीच मूठ डूमला आतून टेकायची आणि अंगठा चेमटायचा. डूम सांगाड्याला पक्का बसवलेला होता, हँडलाबरोबर फिरत नव्हता.

मी गाडी तशीच बोळात नेली, पंचांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर वळवून बघितली. पुढचं चाक भिंतीला लागलं. पाय टेकून मागे ढकलली, पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. घाम फुटला तेव्हा कुठे ती बाजाराकडे वळली. तेवढ्या वेळात बोळातल्या कोणीही चोराची कॉलर धरली असती.

तिथल्याच कासाराच्या दुकानातली बाई दारात येऊन बघत होती. मी तिला विचारलं, "मावशी, काल आवाज असाच होता?"

"न्हाय बा. ही ढुगढुग करती. कालची टर्रर्र करत गेली. आन् धूर केवढा! निळा. माजं दुकान भरलं."

"मग काल सांगितलं का नाही?"

"काल डूम हुता का म्हणून इचारलं. हुता म्हणून सांगितलं."

निळा धूर म्हणजे पेट्रोलात ऑइल मिसळून चालणारी हलकी गाडी, दोन बोटांवर वळणारी. मी लॉकअपमध्ये जाऊन पोराला फक्त एक प्रश्न केला: डूम कुठे बनवला? या प्रश्नाला मात्र त्याने लगेच उत्तर दिलं. कोल्हापुरात फायबरचं काम करणाऱ्या एकाने साचा केला होता. तपासाला दोन माणसं तिकडे धाडली. वरिष्ठांना फोन केला, तर ते म्हणाले, "बोळातली कसरत कोर्टाला सांगणार का? खरा माणूस आणा, मग याला सोडा."

तपास चालू असतानाच, तिसऱ्या दिवशी, एक गृहस्थ ठाण्यात आला. कडक इस्त्रीचा लेंगा-शर्ट, नम्र बोलणं. पोराच्या थोरल्या बहिणीचा नवरा, सीमेपलीकडच्या गावचा. भेटायला आला असावा, असं मला वाटलं. पण त्याने मेहुण्याची तब्येत विचारली नाही की वकिलाचं नाव काढलं नाही.

"किती दिस आत ठेवणार, साहेब?" एवढंच त्याने विचारलं.

आवाज ऐकला आणि ओळखला. फोनवरचा तोच. "का? काही काम होतं?" मी म्हणालो.

"त्येनं माझी बायको पळवलीया. कुठं ठेवलीया ते त्येच्याकडनं काढून घ्या. म्हणजे माझंबी काम हुईल."

मी त्याला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. बायकोच्या मागावर तो त्याच दिवशी शहरात आला असणार आणि डूमची बातमी ऐकून त्याने फोन केला असणार. पोरगा का गप्प आहे हेही तेव्हा उमगलं. तरी मी त्याला जाऊन विचारलं नाही. विचारलं असतं तर तो खोटं तरी बोलला असता, नाहीतर तुटला तरी असता.

दुपार कलल्यावर एक बाई ठाण्याच्या फाटकातून आत आली. हातात कापडी पिशवी, चपलांना लाल माती. बाकावरचा नवरा तिला दिसला. पाय क्षणभर थांबले. मग पदर खोचून ती त्याच्या समोरून सरळ माझ्या टेबलापाशी आली. तो ताडकन उठला. हवालदाराने त्याचा दंड धरून खाली बसवलं. परवा त्या पोराला ताब्यात मागणारा तोच हवालदार.

"साहेब, माझा भाऊ चोर न्हाय. परवा त्यो माझ्यासंगट हुता. सासरच्या गावास्नं मला गाडीवर घिऊन कणकुंबीला मैत्रिणीकडं सोडलं. कुणाला सांगू नगंस म्हणून शपथ म्याच घातलीया." तिने बाही वर केली. दंडावर वळ होते, काही जुने, काही ताजे. "कणकुंबीला आलेल्या बसमधल्या लोकांकडनं कळलं, त्येला धरलंय म्हणून."

भाऊ चोर नाही हे मला तिच्या येण्याआधीच माहीत होतं. मला ते माहीत आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. नवरा इथे भेटेल याची कल्पनाही तिला असणार, तरी ती आली होती.

सासरच्या छळाविरुद्धचं कलम तेव्हा कायद्यात नवंच होतं. आमच्या ठाण्यात ते कोणी लावलं नव्हतं. लिखापढी करणाऱ्या रायटरने पुस्तक उघडून ते शोधलं, आणि मी तिची फिर्याद तिच्या शब्दांत घेतली. हद्द पलीकडची होती, म्हणून ती पुढे तिकडच्या ठाण्याला पाठवली. तोवर तिला भावाच्या घरी राहू द्यावं, एवढं नवऱ्याला समजेल अशा भाषेत समजावलं.

अंधार पडायच्या सुमारास तपासाला धाडलेल्या माणसांचा निपाणीहून फोन आला. कोल्हापूरच्या कारागिराने त्याच साच्यातून दुसरा डूम काढून निपाणीजवळच्या एकाला विकला होता. त्याच्या घरात हलकी गाडी सापडली, आणि पेंढ्याखाली तुटकी चेनही. डूमची एकच गाडी सगळ्यांना माहीत आहे, संशय तिच्यावरच जाईल, हा त्याचा हिशेब होता. पुढे त्याला शिक्षा झाली. शिक्षिका शुद्धीवर आल्या. पुढच्या वर्षी त्या पुन्हा शाळेत जाऊ लागल्या, फक्त एका कानाने ऐकू येईना.

पोराला बाहेर आणलं. बहिणीला पाहून त्याचा चेहराच पडला. सुटल्याचा आनंद राहिला बाजूला, तो तिच्यावरच चिडला.

"आक्का, तू कशाला आलीस गं? म्या सांगितलं नसतं!"

"ठाव हाय. म्हणूनच आले," ती म्हणाली.

साक्षीदार खोटं बोलत नव्हते. त्यांना फक्त डूम विचारला गेला, म्हणून त्यांनी डूमच सांगितला. तपासात हे कायम लक्षात ठेवलं. दुसरी गोष्ट गप्प बसणाऱ्यांबद्दलची. त्या दिवसानंतर कोणी तोंड उघडेना झाला की तो काय लपवतोय याच्याआधी तो कोणासाठी गप्प आहे, हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलो. बहुतेक वेळा उत्तर 'स्वतःसाठी' असंच निघालं. तरी विचारायचं मी सोडलं नाही.