ढेपूचं शिंग

माझी आत्या सदतीस वर्षं टीव्ही केंद्राच्या कपडेपट विभागात शिवणकाम करत होती. वृत्तनिवेदकांचे कोट आत घे, नाटकातल्या राजाचा झगा सैल कर, निखळलेली बटणं लाव, असं तिचं काम. घरी कोणी विचारलं की माझे बाबा, म्हणजे तिचे धाकटे भाऊ, नुसतं "ताई टीव्हीत असते" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. समोरच्याला वाटायचं, ती पडद्यावर येत असणार. बाबा तो गैरसमज खुशाल राहू द्यायचे.

ती पडद्यावर कधी आली नाही. पण तिच्या हातचा ढेपू अकरा वर्षं दर रविवारी सकाळी येत होता.

ढेपू म्हणजे गेंडा. हातात घालून नाचवायचा, कापडी. मुलांच्या कार्यक्रमासाठी बाहुल्या हलवणारे एक काका होते. त्यांनी आत्याला येऊन सांगितलं की एक शूर गेंडा हवाय, पुढच्या आठवड्यात, आणि कापड मागू नका कारण मिळणार नाही. आत्याने एका जुन्या नाटकातल्या पहारेकऱ्याचा राखाडी ओव्हरकोट उसवला. त्यातून धड आणि डोकं बेतलं. शिंगासाठी पांढरं जाड कापड घेतलं, आत पुठ्ठा घातला आणि डिंकाने चिकटवून टाकलं. दिसायला शिंग असं ताठ, की काकांनी त्याला सलाम ठोकला.

चित्रीकरण सुरू झालं आणि दिव्यांच्या उष्णतेने डिंक सुटला. गेंडा छाती काढून "मी कोणालाही घाबरत नाही" असं म्हणत असतानाच शिंग हळूहळू वाकलं आणि नाकावर लोंबायला लागलं. काका मुरलेले होते. त्यांनी गेंड्याला मान वाकडी करून स्वतःच्या शिंगाकडे बघायला लावलं आणि म्हणाले, "मी नाही घाबरलो. हे घाबरलंय." कॅमेऱ्यामागची माणसं हसायची थांबेनात. ढेपाळणारं शिंग, म्हणून त्याचं नाव ढेपू पडलं.

दुसऱ्या दिवशी काका परत कपडेपटात. आता त्यांना हवं तेव्हा पडेल आणि हवं तेव्हा उभं राहील असं शिंग पाहिजे होतं. आत्याने पुठ्ठा काढून कापूस भरला, आतून एक मजबूत दोरा ओवला आणि त्याचं टोक काकांच्या करंगळीत अडकेल असं वेटोळं केलं. करंगळी ओढली की शिंग ताठ, सोडली की मलूल. त्या दोऱ्यावर एका पिढीचं बालपण गेलं म्हटलं तरी चालेल. माझं तर गेलंच. पण कार्यक्रमाच्या शेवटी जी नावं यायची त्यांत आत्याचं नाव कधीच नव्हतं. कपडेपटातल्या कोणाचंच नसायचं. तिला त्याचं काही वाटत होतं का, हे आम्ही विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही.

पुढे ती निवृत्त झाली. काका त्याआधीच गेले होते. आत्या आमच्या मागच्याच गल्लीत, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते. खिडकीशी शिलाई मशीन आणि त्यावर वाकलेली आत्या. शेजारपाजारचे लोक पँट आखूड करायला, चेन बदलायला येतात. त्यांच्यातल्या निम्म्यांनी लहानपणी ढेपू पाहिलेला, पण तो या बाईने शिवला हे एकालाही ठाऊक नव्हतं.

मग बातमी आली की ढेपूवर सिनेमा येतोय. लोकांनी ती डोक्यावर घेतली. शाळेत, जिथे मी भूगोल शिकवते, तिथे शिक्षकांच्या खोलीत आठ दिवस दुसरा विषय नव्हता. आणि मग सिनेमाची पहिली झलक आली.

कॉम्प्युटरवर केलेला ढेपू. खऱ्या गेंड्याची भेगाळलेली कातडी, दंड फुगलेले, डोळे ओले आणि खोल, शिंग तलवारीसारखं टोकदार. एका पुलावरून तो गर्जना करत धावत येत होता. माझा सात वर्षांचा मुलगा माझ्या दंडाला चिकटला. मला इतका राग आला की मी तिथल्या तिथे फोनवर लिहून टाकलं: ज्याने हे केलं त्याला लहानपण नव्हतंच. त्याला चारेकशे लोकांनी पसंती दिली आणि मला बरं वाटलं, हेही कबूल करते.

माझं लिहिणं तर सौम्य होतं. लोकांनी अक्षरशः तोंडसुख घेतलं. "आमचा ढेपू परत द्या" म्हणून लाखभर सह्या झाल्या. या नव्या ढेपूचं रूप ठरवणारी एक चित्रकार मुलगी होती, तिशीची. तिचा फोटो कोणीतरी शोधून काढला आणि त्याखाली लोक काय काय लिहू लागले ते इथे सांगण्यासारखं नाही.

मी आत्याला ती झलक दाखवायला गेले. मला वाटलं, ती हळहळेल. तिने चष्मा पुसला, फोन हातात घेतला आणि तीन वेळा पाहिलं. शिवलेल्या कपड्याची उलटी बाजू बघावी तसं पाहिलं.

"मेहनत केलीय पोरीने," ती म्हणाली. "कातडीला सुरकुत्या कुठे पडतात ते बरोबर आहे." मग तिने विचारलं की लोक काय म्हणतात. मी वाचून दाखवायला लागले आणि वाचता वाचता माझंच वाक्य आलं. ते मी नाव न सांगता वाचलं, पण आत्या मला पाळण्यापासून ओळखते.

"हे तू लिहिलंस ना?"

मी फोन मांडीवर उलटा ठेवला.

"पूस ते आधी. ढेपू बदलला म्हणून मलाही शिव्या मिळाल्यात. तेव्हा तू तीन वर्षांची होतीस."

आणि मग तिने जे सांगितलं ते मला या वयापर्यंत माहीत नव्हतं. आम्हाला आठवणारा ढेपू हा मुळात पहिला ढेपू नाहीच. पहिला राखाडी. कार्यक्रमाच्या चौथ्या वर्षी सामानाच्या खोलीत पाणी गळलं आणि तो कुजला. तोवर टीव्ही रंगीत झाला होता, तेव्हा आत्याने दुसरा निळसर मऊ कापडाचा शिवला. मुलांनी गोंधळ घातला. पोतंभर पत्रं आली. बाकीच्यांनी ती बाजूला सारली, आत्याने जेवणाच्या सुट्टीत एकेक करून सगळी वाचली. एका मुलीने लिहिलं होतं, हा ढेपूचा चुलतभाऊ आहे, आम्हाला ढेपू पाहिजे. दुसऱ्या एकाने लिहिलं होतं, याला कशाचीच भीती वाटत नाही. रंगाबद्दल सगळेच ओरडत होते, पण आत्याला हे चुलतभावाचं आणि भीतीचं खुपलं. तिने दोन दिवस त्या तोंडाकडे बघत काढले. तेव्हा तिला दिसलं की नव्या कापडाला ताण जास्त, त्यामुळे ओठांची टोकं अर्ध्या बोटाने वर गेलीत. ढेपू सारखा हसत होता. तिने तोंड उसवलं, टोकं खाली घेतली, परत शिवलं. रंग निळाच ठेवला. दोन महिन्यांत पत्रं थांबली. आज ज्याच्यासाठी लाखभर लोक सह्या करत होते, तो हा चुलतभाऊ.

मी माझं वाक्य पुसलं.

त्याच आठवड्यात बाहुलीवाल्या काकांच्या मुलीने एक जुना फोटो लोकांसमोर ठेवला. त्यात कपडेपटातल्या बाकावर बसलेली तरुण आत्या, मांडीवर डोकं नसलेला ढेपू, दातांत दोरा. खाली लिहिलं होतं, बाबांनी ढेपूला आवाज दिला, जीव या बाईंनी शिवला. झालं. दोन दिवसांत आत्याच्या जिन्यात वार्ताहर उभे. शेजारीणबाई गेली वीस वर्षं तिच्याकडून कपडे शिवून घेत होत्या, त्या दारात येऊन नुसत्याच बघत राहिल्या.

वार्ताहरांना एकच हवं होतं: मूळ ढेपू करणारीने नव्याला नावं ठेवावीत. ते निरनिराळ्या रीतीने तेच विचारत राहिले. वाईट वाटलं का, चीड आली का, अपमान झाला का. आत्याने त्यांना मुलांच्या पत्रांची गोष्ट सांगितली. शेवटी एकाने थेट विचारलं की त्या चित्रकार मुलीला काय सांगाल.

आत्या म्हणाली, "तिला म्हणावं, ये. चहा देते, आणि चुकलंय कुठे तेही सांगते. बाकीचं वाचू नकोस."

ते बोलणं गावभर झालं. आठव्या दिवशी ती मुलगी खरंच आली. मी तेव्हा तिथे होते. बारीक चणीची, खांद्यावर मोठी पिशवी, दारातच म्हणाली की मी पाचव्या वर्षापासून ढेपू काढतेय आणि मलाच सगळे म्हणतात की माझं त्याच्यावर प्रेम नाही. आत्याने तिला मशीनपाशी बसवलं, पाणी दिलं आणि कपाटावरून कागदी साचे काढले. वर्तमानपत्राचे पिवळे पडलेले तुकडे, त्यांवर तिच्या अक्षरात "डावा गाल", "मानेची घडी", "शिंग, आतलं".

मग चार दुपारी त्या दोघी बसल्या. आत्याने तिसरा ढेपू शिवला, मुलीने तो होताना पाहिला आणि वहीत काढत राहिली. मी शाळेतून परत येताना डोकावायचे. आत्याने तिला ढेपू हातात घालायला लावला आणि दहा मिनिटं हात वर धरून ठेवायला सांगितला. मुलीचा दंड भरून आला. डोकं जड, म्हणून खांदा उतरला, मान पुढे झुकली.

"हा बघ ढेपू," आत्या म्हणाली. "तो धीट नाही. दमलेला असून छाती काढतो. तुझा दमतच नाही."

मुलीने ती झुकलेली मान वहीत काढून घेतली. मग ती म्हणाली की कातडी तिला बदलायची नाही, ती तिला मनापासून आवडते. आत्या म्हणाली, नकोच बदलू. निळा रंग मीही बदलला नव्हता.

सिनेमा सात महिने पुढे ढकलला गेला. निर्मात्यांकडून एक गृहस्थ आत्याला भेटायला आले. नावांच्या यादीत तिचं नाव घालायचं होतं. त्यांनी "ढेपूची माता" असं काहीतरी लिहून आणलं होतं. आत्याने नाक मुरडलं.

"शिवणकाम लिहा. मी शिवला आहे. आणि आधी काकांचं नाव, मग माझं."

सिनेमा लागला त्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे दुपारच्या खेळाला गेलो. आत्या, बाबा, मी, माझा मुलगा, शेजारीणबाई आणि ती चित्रकार मुलगी. ढेपू पडद्यावर आला. कातडी तीच होती, भेगाळलेली. पण खांदे उतरलेले, मान पुढे, आणि पुलावर पाऊल ठेवताना शिंग डगमगून हळूच नाकावर आलं. एक लहान मूल खदखदून हसलं आणि मग सगळं थिएटर हसायला लागलं. माझा मुलगा माझ्या दंडाला चिकटला नाही, पुढच्या खुर्चीवर हात ठेवून उभा राहिला. सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. आमच्या मागचा एक माणूस शेवटपर्यंत पुटपुटत होता की जुन्याची सर नाही. आत्याने एकदा मागे वळून त्याच्याकडे बघितलं आणि मान हलवली, म्हणजे त्याचंही खरं आहे अशी.

सिनेमा संपला, लोक उठू लागले. आम्ही बसून राहिलो. नावं सरकत होती, शेकडो नावं. दिवे लागले, साफसफाईवाल्या बाई कुंचा घेऊन रांगेच्या टोकाशी थांबल्या. मग ते आलं. ढेपूचा आवाज आणि हात: काका. त्याखाली, ढेपूची मूळ बेतणी आणि शिवणकाम, आणि माझ्या आत्याचं पूर्ण नाव.

आत्या मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. मात्र बाबा उभे राहिले. आयुष्यभर हलक्या आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी पडद्याकडे बोट दाखवलं आणि त्या साफसफाईवाल्या बाईंना म्हणाले, "ही माझी बहीण. शिवणकाम करते."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं, कुंचा भिंतीला टेकवला आणि पुढे येऊन आत्याचा हात हातात घेतला. म्हणाल्या, लहानपणी ताप आला की मी त्याच्यासाठी डोळे उघडे ठेवायची.

आता आत्या आठवड्यातून दोनदा त्या चित्रकारांच्या कार्यालयात जाते. काचेच्या खोलीत मोठ्या पडद्यांच्या मधोमध तिला एक टेबल दिलंय, त्यावर कात्री, टेप आणि कापडाचे तुकडे. पोरं पडद्यावर काहीतरी जनावर घेऊन येतात आणि विचारतात, मावशी, हे बघा ना. ती चष्मा पुसते आणि बघते. परवा मी तिला आणायला गेले तेव्हा एका उंच मुलाला ती सांगत होती की तुझ्या अस्वलाचा डावा खांदा खोटा आहे, आणि तो खाली मान घालून लिहून घेत होता.