सरांकडे शिफारसपत्र मागायला गेले होते

मंडळी, आज फार थकल्यासारखं झालंय.

बरीच वर्षं नोकरी करून आता पाणी आणि शाश्वत विकास या विषयात संशोधनाच्या मास्टर्ससाठी अर्ज करतेय. दोन शिफारसपत्रं लागतात. एक ऑफिसातल्या मॅडमनी दिलं. दुसऱ्यासाठी सकाळी नेरूळला कॉलेजच्या सरांच्या घरी गेले.

सरांनी प्रेमाने बसवलं. "विषय काय घेतलायस?" मी सांगितलं, करावे गावच्या खाडीत सांडपाणी मिसळतं, त्याने मासळीचं काय होतं ते बघायचंय. "छान," म्हणाले.

चहा आला. "मग, विषय काय घेतलायस?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी काकूंकडे, म्हणजे सरांच्या पत्नीकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली.

काकू लिफ्टपर्यंत सोडायला आल्या. "फोनवरच सांगायला हवं होतं गं. पण विद्यार्थिनी येतेय म्हटल्यावर हे सकाळीच दाढी करून बसले. पत्राचं नाही जमणार त्यांना. तू मात्र येत जा."

मी हो म्हटलं. पण खरं सांगते, खाली पोचेपर्यंत डोक्यात एकच टेन्शन होतं, आता पत्र कोणाकडून आणू? सरांचा विचार नंतर आला, याचंच जास्त वाईट वाटतंय.

परवा मुदत संपतेय. घणसोलीला खोलीवर अर्ज उघडून बसलेय. दुसऱ्या नावाची जागा रिकामी आहे.

कॉलेज सोडून इतकी वर्षं झाल्यावर, तिथे तुम्हाला ओळखणारं कोण उरलंय?