डाव्या कोपऱ्यातून निसटलेली फुंक

त्या सकाळी बासरी वाजेना, आणि मी सगळा राग बासरीवर काढला.

उन्हाळा चालू होता. आमच्या बीडकडच्या उन्हात बांबू तडकतो, हे बासरी धरणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळतं. अंबाजोगाईला कॉलेजात असताना माझ्या दोन बासऱ्या अशाच उलल्या होत्या. मग लग्न झालं, केजला खता-बियाण्यांचं दुकान टाकलं आणि बासरी सुटली ती पन्नाशीपर्यंत. पोरगी शिकायला पुण्याला गेल्यावर घर एकदम गप्प झालं, तेव्हा पुन्हा हातात धरली. रोज सकाळी वरच्या खोलीत बसायचं आणि दुकान उघडायच्या आधी जमेल तेवढं वाजवायचं. सूर बऱ्यापैकी बसला होता. म्हणूनच त्या दिवशी नुसती फुस्स हवा निघाली, तेव्हा मी बासरी उजेडात धरून चीर शोधू लागलो. चीर दिसेना. तरी तेल चोळलं, दोरा गुंडाळला, विकणाऱ्याला चार शिव्या हासडल्या. दुसरी बासरी काढली, तर तीही तशीच. दोन्ही एकाच दिवशी कशा बिघडतील, एवढा साधा विचार सुचायला हवा होता. पण राग आला की माझी अक्कल चरायला जाते.

खाली येऊन चूळ भरली, तर पाणी तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून गळून सदऱ्यावर आलं. बायको समोरच उभी होती.

"अहो, तुमचं तोंड..." एवढंच म्हणाली.

आरशात पाहिलं. तोंड उजवीकडे ओढलं होतं आणि डावा डोळा मिटत नव्हता. माझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. चहा हनुवटीवरून ओघळला आणि बशी खाली ठेवायच्या आत हात गेला. त्यानंतर ते बाजेवरून उठले नाहीत. बोलणं गेलं, उरला एकच आवाज. त्याच आवाजात ते सगळ्यांना हाक मारायचे, आणि हाक कुणाला आहे ते फक्त आईला कळायचं. आता त्या बाजेवर मला मीच दिसू लागलो.

शेजाऱ्याच्या गाडीतून अंबाजोगाईला निघालो. रस्ताभर मी डाव्या हाताला चिमटे घेत होतो. दुखत होतं, पण विश्वास बसत नव्हता. वाचा जाते की काय म्हणून मोठ्याने पाढे म्हणायला लागलो, तर प आणि ब ओठांत धरवेनात, निसटून जायचे. बायको म्हणाली, "गप बसा हो." मी गप बसलो, आणि त्याने भीती दुप्पट झाली.

दवाखान्यातली डॉक्टर माझ्या पोरीच्या वयाची. म्हणाली, "काका, कपाळाला आठ्या घाला."

आठ्यांच्या बाबतीत मी आजवर कुणाला नाराज केलेलं नाही. घातल्या. उजवीकडे पडल्या, डावीकडचं कपाळ मात्र सपाट राहिलं. मला वाटलं, संपलं. पण तिचा चेहरा मोकळा झाला. "मेंदूतला झटका असता, तर कपाळ दोन्हीकडून हललं असतं. ही चेहऱ्याची नस सुजलीय. हात-पायही चांगले आहेत. बहुतेकांचं हे बरं होतं."

"बहुतेकांचं म्हणजे?"

"बहुतेकांचं, काका," ती म्हणाली. गोळ्या दिल्या, डोळ्यात घालायला थेंब दिले, आणि गाल फुगवायला, शीळ घालायला सांगितलं. बासरीचं मी काही बोललो नाही. उगाच आशा दाखवली असती तर मला ती सोसली नसती.

घरी येतो तर गल्ली जमलेली. कुणी म्हणालं कूलरचा वारा बाधला, कुणी म्हणालं तोंडावरून वारं गेलं. दुसऱ्या दिवशी घाटनांदूरहून चुलत भाऊ आला, हातात पिशवी, आणि पिशवीत जिवंत पारवा. वारं गेलेल्या माणसाला पारव्याचं गरम रक्त चोळायचं, ही आमच्याकडची जुनी समजूत.

"दादा, डाक्टरचं डाक्टर बघंल. आपुन हे बी करून बघू. लई जनाला गुन आलाय."

मी बायकोकडे पाहिलं. तिच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही. आता ही त्याला उंबऱ्याबाहेर काढते, असं मला वाटलं. ती खाली मान घालून म्हणाली, "करू की."

तोंड वाकडं झालेलं पाहून मी भ्यालो होतो, पण तिचे हे दोन शब्द ऐकून गारठलोच. डॉक्टरवर हिचाही विश्वास नाही, हे मला तेव्हा कळलं. मी नाही म्हणालो, जरा ओरडूनच. भाऊ चिडला. बायकोने पिशवी घेतली, गच्चीवर गेली आणि रिकामी पिशवी घेऊन खाली आली. तिचे डोळे लाल झाले होते.

दुकानात मी तोंडावर रुमाल बांधून बसायचो. गिऱ्हाईक विचारायचं, "मालक, कावून तोंड झाकलंय?" फवारणीच्या औषधांचा वास, म्हणायचो. दिवसभर गाल फुगवायचो, शीळ घालून बघायचो. बासरीला मात्र हात लावायचा धीर होत नव्हता. शीळ नाही आली तर उद्या येईल म्हणता येतं. बासरी नाही वाजली तर काय म्हणायचं?

शेवटी एका सकाळी उचलली. हवा निघाली. मग रोज उचलत गेलो, रोज हवाच. आणि असाच एकदा, डावा कोपरा बोटाने दाबून धरला असताना, बारीक, किनरा सा निघाला. मी लहान मुलासारखा रडलो. पुढे हळूहळू बोटाची गरज संपली. डॉक्टर पोरीचं म्हणणं खरं ठरलं. आता फक्त हसताना डावी बाजू जरा मागे राहते.

परवाची गोष्ट. सकाळी वर जाऊन बसलो, बासरी मांडीवर घेतली आणि वाजवायच्या आधी खिडकीतून बाहेर बघत राहिलो. काही कारण नव्हतं, नुसता बसलो होतो. जिन्यावर धावत येणारी पावलं वाजली. बायको दारात, दोन्ही हात भाकरीच्या पिठाने भरलेले, धाप लागलेली. ती माझ्या ओठांकडे बघत होती.

"वाजवा," ती म्हणाली.

मी वाजवलं.

"परत."

परत वाजवलं. ती खाली गेली. मी तोच सा धरून बसलो, दम संपला की नवा घेऊन पुन्हा तोच. खाली भाकरी थापल्याचा आवाज सुरू झाला, तेव्हा कुठे पुढचा सूर घेतला.