बोट नंबर चारचा दोर

आमची इंजिनिअर कंपनी कल्याणला आली तेव्हा उल्हास नदी अजून पात्रात होती. वरून धरणाचं पाणी सोडणार असं कळलेलं, म्हणून आम्हाला आधीच आणून बसवलं. फ्लड रिलीफ कॉलम. एका शाळेच्या मैदानात तंबू, चार बोटी, आणि मागच्या बाजूला लंगर. लंगर म्हणजे आमचं स्वयंपाकघर. मी तेव्हा लान्स नाईक होतो आणि बोट नंबर तीन माझ्याकडे होती.

माझं घर डोंबिवलीला, मानपाड्याच्या बाजूला. वडील रंगाच्या कंपनीत हेल्पर. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. मी बीए झालो. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी, आणि ते मी आजही छाती काढून सांगतो. डिग्री घेऊन सरळ भरतीला गेलो. पलटणीत माझं नाव कुणी घेत नसे. सगळे ‘बीए’ म्हणायचे.

बोट नंबर चार नाईक मोहितेकडे होती. साताऱ्याकडचा माणूस. वयाने आणि हुद्द्याने मोठ्याला आम्ही उस्ताद म्हणतो, तसा तो माझा उस्ताद. पाण्यातलं जे काही मला येतं ते त्याने शिकवलेलं. त्याच्यात एक गोष्ट होती, त्याला कुणाला नाही म्हणता यायचं नाही. मोटर अडली, मोहितेला बोलवा. बुटाचा तळ सुटला, मोहितेला बोलवा. तो कुठून तरी तार काढायचा, कुठून तरी रबर, आणि काम चालू करून द्यायचा.

प्रत्येक बोटीत एक लाल बॅग असते. दोर, सुरी, शिटी, टॉर्च, मलमपट्टीचं सामान, पाणी, बिस्किटं. बोट उलटली किंवा अडकली तर जगायला जेवढं लागतं तेवढंच. नियम असा की पाण्यात संकट आल्याशिवाय लाल बॅग उघडायची नाही. भूक लागली तरी तिच्यातलं बिस्कीट खायचं नाही.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी वारा सुटला आणि लंगरावरच्या ताडपत्रीची दोरी तुटली. पाणी थेट डाळीच्या पातेल्यात. आचारी ओरडला, “उस्ताद, बघा, डाळ आपोआप वाढतेय! कुणाला दुप्पट पाहिजे?”

सगळे हसले. मोहिते उठला, बोट नंबर चारची लाल बॅग उघडली, दोर काढला आणि ताडपत्री झाडापासून गोलपोस्टपर्यंत अशी ताणून बांधली की एक थेंब आत येईना.

मी म्हटलं, “उस्ताद, तो बोटीचा दोर आहे.”

“बीए, बोट कुठं आहे? जमिनीवर. जमिनीवरची बोट बुडल्याचं तुझ्या कॉलेजात शिकवलं का?”

त्या दिवशी आख्ख्या कंपनीने कोरड्यात बसून जेवण केलं. मीसुद्धा केलं.

पुढच्या दुपारी मेजर साहेबांचं इन्स्पेक्शन होतं. सिव्हिलियन लोकांना वाटतं फौजेत सगळं काटेकोर असतं. असतं. पण इन्स्पेक्शन पास करायची एक वेगळी कला असते, तीही तिथेच शिकतात. साहेब पहिल्या तंबूतून दुसऱ्या तंबूत जाईपर्यंत पहिल्या तंबूतली चादर मागच्या बाजूने तिसऱ्यात पोचलेली असते. साहेबही कधीकाळी हेच करून मोठे झालेले असतात. कुणाला त्यात पाप वाटत नाही. सामान पुरं दिसलं पाहिजे.

साहेबांनी माझी बॅग बघितली. दोर आहे, ठीक आहे. ते सुभेदार साहेबांशी बोलायला वळले तेवढ्यात मोहितेने माझा दोर उचलला आणि पाठीमागून आपल्या बॅगेत टाकला. चार नंबरपाशी साहेबांनी तोच दोर परत बघितला. “शाबास,” म्हणाले.

साहेबांची जीप गेटबाहेर पडली तशी मोहितेने दोर मला परत आणून दिला. नीट गुंडाळून, गाठ मारून.

“घे तुझी अमानत. उद्या स्टोअरमधनं माझ्यासाठी नवा काढतो.”

नवा काढायला ‘उद्या’ आला नाही. पहाटे स्टँड टू झाला, म्हणजे सगळे सामानासकट तयार उभे. शहाडकडे पाणी वस्तीत शिरलेलं.

“बीए, तुझाच इलाखा ना?” सुभेदार साहेबांनी विचारलं.

“होय साहेब.”

“मग पुढे राहा. ऑर्डर सगळ्यांना. माणूस आधी. एका घराची एक पिशवी. दुसरी दिसली तर पाण्यात टाकायची.”

टाकल्या. माझ्या हाताने टाकल्या. एका माणसाने मिक्सर आणला होता, तो टाकला. एक आजोबा पितळी हंडा सोडेनात, तो हातातून हिसकावला. शिव्या खाल्ल्या. लोकांनी पिशव्यांत काय काय भरलेलं ते बघितलं तर डोकं फिरेल. टीव्हीचा रिमोट होता. टीव्ही घरातच, पाण्याखाली. एकीने सोललेले वाटाणे आणले होते. औषधाची गोळी मात्र दहातल्या एकाकडेही नव्हती. घाबरलेला माणूस हाताला येईल ते उचलतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणूनच बॅग घाबरायच्या आधी भरायची असते.

दुपारपर्यंत आम्ही बऱ्याच फेऱ्या मारल्या. मोहितेच्या बोटीत शेवटच्या फेरीला एक बाई चढल्या, वैशालीताई. बरोबर सासू आणि दोन मुली. त्यांच्या एका पिशवीत फक्त साड्या होत्या. पाणी नाही, कागद नाहीत, काही नाही.

माझी बोट शेजारीच होती. मोहिते त्यांना म्हणाला, “ताई, पुरातनं निघालाय की हळदीला?”

त्या म्हणाल्या, “दादा, नियम एका पिशवीचा आहे ना? ही एकच आहे.”

“बरोबर. बसा.”

सासूबाई थरथरत होत्या. मोहितेने आपलं लाइफ जॅकेट काढून त्यांना घातलं. जॅकेटं कमी होती. आम्ही सगळ्यांनी ते तसंच केलेलं.

मी माझी माणसं घेऊन पुढे गेलो. पुलाजवळच्या चढावर उतरवत होतो तेव्हा वायरलेस सेट वाजला.

“थ्री, हा फोर. ओव्हर.”

“बोल फोर.”

“मोटर बंद. पंख्यात कापड गेलंय. विजेच्या खांबाला धरून आहे. खाली नदी ओढतेय. दोर घेऊन ये. ओव्हर.”

“पॅसेंजर उतरवतो. आलो. ओव्हर.”

“चालत ये, पण ये,” तो म्हणाला.

पुढचं वैशालीताईंनी नंतर सांगितलं. मोहिते आणि त्याचा जोडीदार सॅपर, म्हणजे साधा जवान, दोघांनी खांब हाताने धरला तरी बोट थांबेना. बांधायला काही नाही. लाल बॅग उघडली, तिच्यात सुरी होती, शिटी होती, बिस्किटं होती. तेव्हा मोहिते म्हणाला, “ताई, ती हळदीची पिशवी द्या.” दोन साड्यांना पीळ घातला आणि त्या खांबाभोवती घेण्यासाठी तो पाण्यात उतरला. बोटीतून खांबाच्या पलीकडे हात पोचत नव्हता. गाठ बसली. बोट थांबली. पण प्रवाहाने त्याला वर चढता येईना. एक हात गाठीवर, एक खांबाला, असा तो लटकून राहिला. मुली रडायला लागल्या तर म्हणाला, “रडू नका गं, साडीचा रंग उतरेल.”

मी पोचलो तेव्हा साडी काठापासून फाटत चाललेली. मोहितेचे ओठ निळे झाले होते.

मी दोर फेकला. पहिल्याच फेकीला त्याने पकडला.

“स्वतःला बांध उस्ताद!”

“आधी बोट.”

“उस्ताद, ऐक!”

“ऑर्डर आहे, बीए.”

त्याने दोर बोटीच्या कडीला बांधला. हाताला जाणीव नव्हती, दातांनी गाठ ओढली. मी माझ्या बोटीची मोटर रेटली. दोर ताणला. साडी तुटली आणि चार नंबरचा पूर्ण भार माझ्यावर आला. मोहिते आता एकटा खांबाला होता.

इथे समजून घ्या. एक दोर बोटीला लागतो, दुसरा माणसाला. म्हणून प्रत्येक बोटीत एक असतो. आमच्या दोन बोटी होत्या आणि दोर एक.

वरून एक काळी पाण्याची टाकी वाहत आली. कुणाच्या तरी गच्चीवरची. मी ओरडलो. त्याने मान वळवली. टाकी खांबावर आदळली, फिरली आणि पुढे गेली. खांबाला कुणी नव्हतं. थोडं खाली त्याचा हात एकदा वर आला. मग नाही.

मी वळलो नाही. वळलो असतो तर मागची बोट आडवी होऊन उलटली असती. चार माणसं होती तिच्यात, आणि तो सॅपर. मी समोर बघून मोटर चालवली. मागून सासूबाई ओरडत होत्या, “अरे, तो राहिला! अरे मेल्या, तो राहिला!” चढापर्यंत त्या तेच म्हणत होत्या.

सेटवर सुभेदार साहेबांनी विचारलं, “थ्री, रिपोर्ट.”

“फोर बोट सेफ. पॅसेंजर सेफ. फोर इनचार्ज मिसिंग. ओव्हर.”

 मग, “रॉजर.”

अंधार पडायच्या आत आम्ही मैदानात परतलो. पाऊस चालूच होता. ओल्या कपड्यांनी सगळे लंगराच्या लायनीत उभे राहिलो, कारण उद्या परत बोटी काढायच्या होत्या आणि खाणं ही ऑर्डर होती. ताडपत्री ताठ होती. एक थेंब आत येत नव्हता.

सुभेदार साहेबांनी वर बघितलं. झाडापासून गोलपोस्टपर्यंत नजर नेली. त्यांना दोराचं तोपर्यंत ठाऊक नव्हतं. पण त्या माणसाचं आयुष्य दोर ओळखण्यात गेलेलं.

“उतरवा,” ते म्हणाले.

कुणी हललं नाही. आचारी म्हणाला, “साहेब, भात उघडा आहे.”

“उतरव.”

आचाऱ्यानेच गाठ सोडली. मोहितेची गाठ, एका झटक्यात सुटणारी. ताडपत्री खाली आली. आम्ही पावसात उभे राहून जेवलो. ताटात पाणी भरत होतं आणि आम्ही ते भाताबरोबर खात होतो.  दोर गुंडाळून चार नंबरच्या लाल बॅगेत ठेवला गेला. बॅग पूर्ण झाली.

मोहिते पुढे डोंबिवलीच्या खाडीत कोळ्यांना सापडला. मी जिथे पोहायला शिकलो त्याच काठावर.

चौकशी झाली. दोर बॅगेत का नव्हता, असं मला विचारलं. दोर पुरात वाहून गेला, असं सांग, असं दोघा-तिघांनी आधी येऊन सुचवलेलं. मेलेल्या माणसाच्या नावाला डाग कशाला? मी जे होतं ते सांगितलं. दोर कुणी काढला, कशाला काढला, त्याच्याखाली कोण कोण जेवलं, इन्स्पेक्शनला काय झालं. नंतर बरेच दिवस पलटणीत माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं. एकाने तोंडावर म्हटलं, “शिकलेला आहेस ना, म्हणून.” असेल. पण पुढच्या इन्स्पेक्शनला चारही बॅगा जमिनीवर एकदम ओतायला लावल्या, आणि तेव्हापासून आमच्या कंपनीत तसंच चालतं.

हवालदार होऊन मी निवृत्त झालो. आता मानपाड्यालाच राहतो. जवळच्या केमिकल कंपन्यांत कधी स्फोट झाला तर आमच्या सोसायटीच्या काचा थरथरतात. तेव्हा जिन्याने उतरायला मिळतात ती मिनिटं मोजकी. म्हणून मी घराघरात एक बॅग भरायला लावली. ज्याची त्याची रोजची औषधं, पाणी, टॉर्च, शिटी, ओला करून नाकाला बांधायला सुती कापड, कागदपत्रं प्लास्टिकमध्ये, सुटे पैसे, दोर. वजन एवढंच की घरातल्या सगळ्यात अशक्त माणसाला उचलता आलं पाहिजे. जागा दरवाज्यामागची. माळ्यावर ठेवलेली बॅग ही बॅग नव्हे, अडगळ.

सेक्रेटरी म्हणतात, “काय फौजी, माथेरान कधी?” म्हणू देत. बॅग भरणं सोपं आहे, सगळे भरतात. अवघड आहे ती भरलेली ठेवणं. महिन्याला मी न सांगता दार वाजवतो आणि बॅग जमिनीवर ओततो. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकूंच्या टॉर्चमधले सेल भिंतीवरच्या घड्याळात निघाले.

“अहो, घड्याळ बंद पडलं होतं. उद्या आणून घालते की.”

मी स्टूल घेतलं, घड्याळ उतरवलं, सेल काढून टॉर्चमध्ये घातले आणि बंद घड्याळ त्यांच्या हातात दिलं. त्यांचे डोळे भरले. काका म्हणाले, “एवढं कठोर वागायची गरज आहे का?” मी म्हटलं, आहे. त्या घरातून मला आता चहा येत नाही.

माझ्या घरीही तेच. हिने एकदा पावसाळ्यात बॅगेतला दोर काढून गॅलरीत कपडे वाळत घातले. मी ओल्या कपड्यांसकट दोर ओढून काढला. कपडे खाली पार्किंगमध्ये पडले. हिने खाली जाऊन एकेक उचलून आणले. तिला मोहितेचं सगळं माहीत आहे.

मोहितेच्या वर्षश्राद्धाला मी त्याच्या गावी गेलेलो. पंगत उठल्यावर वहिनींनी मला आत चुलीपाशी बसवून वाढलं. गावात कुणीतरी त्यांना अर्धवट काहीतरी सांगितलेलं.

“भावजी, खरं सांगा. त्यांच्याकडं दोर नव्हता का?”

“होता, वहिनी.”

“मग?”

“लंगराच्या ताडपत्रीला बांधला होता. जेवणात पाऊस पडत होता.”

“कोणी बांधलेला?”

“उस्तादांनीच.”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती फुगल्यावर विचारलं,

“जेवायला किती जण होता?”

“सगळी कंपनी.”

“आणि जेवण कोरडं झालं का सगळ्यांचं?”

“झालं, वहिनी.”

त्यांनी भाकरी माझ्या ताटात टाकली.

“मग जेवा,” त्या म्हणाल्या.

मी जेवलो.