टायरवरचे ठसे

गाडीचं मागचं डावं टायर रोज सकाळी बसलेलं असायचं. शहरातल्या दुकानदारानं चारही टायर बदलायला सांगितली होती. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून मी येता-जाता त्या टायरला लाथ घालत होतो.

कोळवणच्या रस्त्याला हवा भरायला थांबलो. पंक्चर काढणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, "मामा, हे टायर गेलंच ना आता?"

हवा भरून त्यांनी सावकाश टायरभर हात फिरवला. मग हवा भरायच्या वॉलचं टोपण काढलं, बोटावर थुंकी घेतली आणि वॉलच्या तोंडाला लावली. बारीक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला.

"टायर ब्येस हाय. वॉलची पिन गळतीया."

पिन बदलायला दोन मिनिटं लागली. मला इतकं हलकं वाटलं की मी एकटाच हसत सुटलो.

त्यांचं लक्ष मात्र टायरवरच्या माझ्या बुटाच्या ठशांकडे होतं. ओल्या फडक्यानं ते पुसत म्हणाले, "तोंड न्हाई न्हवं त्याला, म्हनून समदे त्याच्यावरच राग काढत्यात."

दुसऱ्या सकाळी टायर टणक होतं. सवयीनं पाय उचलला, आणि तसाच खाली ठेवला.